शेजाऱ्यांकडे महाराष्ट्रातली मुलगी दत्तक येतेय, मी नक्की काय करू?

रानफूल:

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या. दोन आठवडे डोक्यात हेच चालू आहे आणि घरात विषय काढला की वादच होतो.

आम्ही टेक्सासमध्ये राहतो, नऊ वर्षं झाली. शेजारी एक ख्रिश्चन कुटुंब आहे, खूप मोठं. त्यांची स्वतःची सहा मुलं आणि दोन दत्तक, एक मुलगा इथिओपियातून आणलेला तो आता पंधराचा आहे आणि एक मुलगी चीनमधून, ती अकराची. सगळी घरीच शिकतात, आईच शिकवते. माणसं खरंच चांगली आहेत, माझ्या दुसऱ्या बाळंतपणात माझी आई व्हिसामुळे येऊ शकली नाही तेव्हा ह्या बाईने तीन आठवडे रोज संध्याकाळी डबा आणून दिला, एक दिवस चुकवला नाही. त्यांच्या मागच्या दाराशी भिंतीवर खुंट्या आहेत, एका ओळीत, प्रत्येकाची खुंटी ठरलेली आणि खाली नावाची पट्टी. परवा गेले तर नववी खुंटी लागलेली, खाली पट्टी कोरी.

तर ती नववी मुलगी महाराष्ट्रातून येतेय. सात वर्षांची आहे, पायाची दोन ऑपरेशनं झालेली आहेत. बाकी माहिती मी मुद्दाम देत नाहीये, तिची आहे ती. तिला फक्त मराठी येतं. हिंदी थोडं थोडं कळत असेल, इंग्लिश शून्य. आणि त्या घरात मराठीचा एक शब्द कुणाला येत नाही. त्या दिवशी ही बाई वही घेऊन माझ्याकडे आली, म्हणाली मला पन्नास शब्द शिकव, आणि पहिलाच प्रश्न काय, तर 'मी तुझी आई आहे' हे कसं म्हणायचं. मला एकदम काही सुचेनाच. शब्द येत होते पण तोंडातून निघेनात.

आता अडचण अशी की मला स्वतःलाच कळत नाहीये मला काय वाटतंय. नवरा म्हणतो त्यांच्या घरच्या गोष्टीत पडू नकोस, उद्या काही बिनसलं तर बोल आपल्याला लागेल. सासूबाई फोनवर म्हणाल्या हे लोक धर्म वाढवायला मुलं नेतात. मला तसं वाटत नाही पण पूर्ण नाही असंही छातीठोक म्हणता येत नाही. त्यात त्यांनी तिच्यासाठी बायबलमधलं नाव ठरवलंय, आत्ताचं नाव मधलं नाव म्हणून ठेवणार म्हणे. ते ऐकल्यापासून मला झोप नीट नाही.

तर प्रश्न असे, की मी मदत करावी का, केली तर काय शिकवू, नावाबद्दल बोलायचा मला हक्क आहे का, आणि मी मराठी बोलणारी बाई सतत समोर असले तर ती माझ्याकडेच ओढली जाईल आणि त्यांच्याशी जुळणार नाही असं होईल का? ज्यांनी जवळून बघितलंय त्यांनी कृपया लिहा.


जुनी_फाइल:

रानफूल, मी महाराष्ट्रातल्या एका शिशुगृहात बावीस वर्षं समाजसेविका होते, आता निवृत्त आहे. परदेशी गेलेल्या बऱ्याच मुलांच्या फाइली माझ्या हातून गेल्यात त्यामुळे सविस्तर लिहिते.

आधी एक शंका दूर करते कारण ती सगळ्यांच्याच मनात येते, की इथे कुणी घेतलं नाही का. नियमाने आधी भारतातले पालक आणि अनिवासी भारतीय, मग ओसीआय (म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेले मूळचे भारतीय), मग परदेशी. हे सगळं कारा म्हणजे केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या पोर्टलवरून होतं, संस्था परस्पर मूल देऊ शकत नाही. आपल्याकडे पालकांची रांग मोठी आहे, तीन-तीन वर्षं थांबतात, पण ती रांग दोन वर्षांच्या आतल्या निरोगी बाळासाठी असते. सात वर्षांची, पायाचं ऑपरेशन झालेली मुलगी म्हटलं की फाइल उघडून बघतात आणि बंद करतात. मी समोर बसलेली असायचे तेव्हा, चेहरे पाहिलेत मी. आणि २०२२ च्या नियमांप्रमाणे ज्या जोडप्याला आधीच दोन किंवा जास्त मुलं आहेत त्यांना विशेष गरजा असलेली किंवा ज्यांना पालक मिळणं अवघड आहे अशीच मुलं दत्तक घेता येतात (नात्यातलं किंवा सावत्र मूल सोडून). म्हणजे आठ मुलांच्या घरात ही येतेय ते नियमात बसूनच येतेय, कुणी मागच्या दाराने आणत नाहीये. बालकल्याण समितीने मूल दत्तकासाठी मुक्त केल्याशिवाय पुढे काही हलत नाही, मग काराची एनओसी, जिल्हाधिकाऱ्यांचा दत्तक आदेश, पासपोर्ट, आणि नंतर दोन वर्षं रिपोर्ट जात राहतात, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी सहा महिन्यांनी.

आता शिकवायचं काय. 'मी तुझी आई आहे' हे सगळ्यात शेवटी शिकवा. ते तिला एजन्सीचे लोक, संस्थेतल्या ताई शंभरदा सांगतील. तुम्ही आधी तिचे शब्द त्या बाईंना ओळखायला शिकवा. दुखतंय. नको. शू लागली. भूक लागली. भीती वाटते. गार वाटतंय. पाय दुखतोय हे तर नक्कीच, कारण नवीन बूट, लांबचा विमानप्रवास आणि ऑपरेशनचा पाय. मूल बोलतंय आणि समोरच्याला कळत नाहीये, हे पहिले पंधरा दिवस इतकं जीवघेणं असतं की मुलं बोलणंच सोडून देतात, आणि मग पालक लिहितात की फार शांत आहे, छान रुळली. ती रुळलेली नसते हो, थकलेली असते.

आणि पुस्तकी मराठी शिकवू नका! संस्थेत मावश्या जे बोलतात ते तिचं मराठी. ती 'भ्या वाटतंय' म्हणेल, 'प्वाट दुखतंय' म्हणेल, 'व्हय', 'न्हाय' म्हणेल. तुम्ही शहरी मराठी शिकवलं तर त्या बाईंना ती बोललेलं कळणार नाही. एजन्सीमार्फत संस्थेला विचारा की तिथं रोजचं काय बोलतात, झोपवताना काय म्हणतात. पालक फोटोंचा अल्बम पाठवतात ना मुलीसाठी, त्यात फोटोंखाली मराठीत तुम्ही लिहून द्या, आणि जमलं तर आवाज रेकॉर्ड करून द्या. अल्बममध्ये सगळे हसणारे चेहरेच नकोत. पलंगाचा फोटो, संडासाचा फोटो, कुत्रा असेल तर कुत्र्याचा, जेवायचं टेबल, आणि रात्री खोलीत दिवा कुठला चालू राहतो त्याचा. संस्थेतलं मूल आयुष्यात कधी एकटं झोपलेलं नसतं, एका ओळीत पंधरा-वीस कॉट असतात आणि मधे मावशी. त्याला स्वतंत्र सजवलेली खोली दिली की आपल्याला वाटतं केवढं कौतुक, ते मात्र रात्रभर दाराकडे बघत जागं राहतं. मोठं कुटुंब आहे तर बहिणीच्या खोलीत झोपवा म्हणावं, त्यांच्याकडे ती सोय आहेच.

उशीखाली पोळीचा तुकडा, बिस्किटं सापडतील. चोरी म्हणून बोलू नये. एक डबा तिचा म्हणून ठेवावा, कधीही उघडायची मुभा असलेला.

नावाबद्दल, हो, बोला. तुम्हाला हक्क आहे की नाही ह्यापेक्षा तुमच्याशिवाय त्यांना हे सांगणारं जवळ कुणी नाही. सात वर्षं एका नावाला 'ओ' दिलेली मुलगी आहे. देश, भाषा, हवा, अंथरूण, सगळं एका दिवसात जाणार, तेवढं एक नाव तिच्याबरोबर विमानात बसेल. निदान पहिलं वर्ष त्याच नावाने हाक मारा आणि मग तिलाच विचारा एवढं तरी सांगा.


मिशन_कंपाउंड:

मी मराठी ख्रिस्ती आहे, चौथी पिढी, आमच्या घरात मराठी प्रार्थना, मराठी भजनं, सगळं मराठीच. त्यामुळे 'धर्म वाढवायला नेतात' हे वाचून थोडं लागलं, पण तुमच्या सासूबाईंवर रागावत नाही, हा संशय कुठून येतो ते मला माहीत आहे.

अशा कुटुंबांच्या मनात काय असतं ते सांगतो. याकोबाच्या पत्रात पहिल्या अध्यायात सत्ताविसावं वचन आहे, की देवाच्या दृष्टीने शुद्ध धर्माचरण म्हणजे अनाथ आणि विधवा यांच्या संकटात त्यांचा समाचार घेणं. अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल (बायबलच्या शब्दावर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट) चर्चेसमध्ये ह्या वचनावर फार मोठं काम उभं राहिलंय, २००९ साली सदर्न बॅप्टिस्ट ह्या तिथल्या मोठ्या पंथाच्या लोकांनी दत्तक घेण्याच्या बाजूने ठराव केला, नोव्हेंबरात अनाथांसाठी म्हणून खास रविवार पाळतात. चर्चची माणसं वर्गणी काढतात, जुन्या वस्तू विकतात, कुणी कोड्याच्या चित्राचा एकेक तुकडा विकत घेऊन त्यामागे आपलं नाव लिहितं आणि पूर्ण झालेलं चित्र मुलाच्या खोलीत लावतात. हे सगळं मनापासून असतं. ज्या घरात ऑपरेशनचा पाय बघून फाइल बंद होत नाही त्या घराच्या श्रद्धेला मी तरी नावं ठेवणार नाही.

पण मला त्या वचनात नेहमी दुसरा शब्द दिसतो, विधवा. अनाथ आणि विधवा एकाच दमात आलेत. ती विधवा म्हणजे बऱ्याचदा त्याच पोराची आई आहे! आपल्याकडे पंडिता रमाबाईंनी केडगावला मुक्ती मिशनमध्ये हेच केलं, १८९६-९७ च्या दुष्काळात मुली आणल्या आणि विधवांना पण ठेवलं, एकाच आवारात, कामधंदा शिकवला. पोर उचलून नेलं आणि आई मागे राहिली असं करायचं नाही, हा त्यातला भाग परदेशी चर्चेसमध्ये फार उशिरा पोचला असं माझं प्रामाणिक मत आहे. तुमच्या शेजारणीशी बोलताना हे वचन जरूर काढा, त्यांना ते तोंडपाठ असेल, फक्त त्यांना विचारा की मुलीच्या आईसाठी तुम्ही प्रार्थना करता का. करत असतील तर त्या घरात आईचा विषय बंद नाही हे समजा. फार मोठी गोष्ट आहे ती.

नावाचं म्हणाल तर बायबलमधलं नाव ठेवलं की मूल ख्रिस्ती होतं असं कुठे आहे? माझ्या आजोबांचं नाव पांडुरंग होतं, बाप्तिस्मा झाल्यावरही पांडुरंगच राहिलं.


उत्तरायण:

वरचे दोन्ही प्रतिसाद आवडले तरी दुसरी बाजू कुणीतरी मांडायला हवी म्हणून लिहितोय, शेजाऱ्यांबद्दल व्यक्तिशः काही म्हणणं नाही.

परदेशी दत्तकाचं हे प्रस्थ वाढलं तेच एका मोठ्या ख्रिश्चन कुटुंबापासून. ओरेगॉनमधलं होल्ट दांपत्य, स्वतःची सहा मुलं, १९५५ साली कोरियन युद्धातली आठ मुलं एकदम दत्तक घेतली. कायद्यात दोनच घेता येत होती म्हणून अमेरिकन काँग्रेसने त्यांच्यासाठी खास कायदा केला. मग त्यांनी संस्था काढली आणि कोरियातून मुलं जायला लागली ती पुढची कित्येक दशकं, दीड-दोन लाखांच्या घरात. सुरुवातीला तर पालकांनी मूल न बघताच मुखत्यारपत्रावर दत्तक व्हायचं. होल्ट नवराबायकोच्या हेतूबद्दल शंका घ्यायचं मला कारण नाही. पण मार्च २०२५ मध्ये दक्षिण कोरियाच्या सत्यशोधन आयोगाने काय सांगितलं, तर कागद खोटे केले गेले, आईबाप जिवंत असलेल्या पोरांची अनाथ म्हणून नोंद झाली. आता त्यातली बरीच पोरं चाळीस ते साठच्या घरात आहेत.

२०१० ला हैतीत भूकंप झाला तेव्हा अमेरिकेतले दहा बॅप्टिस्ट लोक ३३ मुलं बसमध्ये घालून डॉमिनिकन रिपब्लिककडे निघाले होते, सीमेवर अडवलं, आणि बहुतेक मुलांचे आईबाप जिवंत निघाले. 'अनाथ' हा शब्दच नीट बघायला हवा, युनिसेफच्या व्याख्येत एक पालक गेलेलं मूलही अनाथ धरतात, आणि मोठा आकडा त्यांचाच असतो. लोक तो आकडा ऐकतात आणि डोळ्यासमोर रस्त्यावर एकटं बसलेलं पोर आणतात.

देशांनी दारं लावली ती उगाच नाही. ग्वाटेमाला बंद झालं, रशियाने २०१३ पासून अमेरिकनांना बंद केलं (त्यात राजकारण होतं ते सोडा), इथिओपियाने २०१८ ला, चीनने २०२४ ला. अमेरिकेत २००४ साली परदेशातून जवळजवळ २३ हजार मुलं दत्तक आली होती, २०२३ च्या आर्थिक वर्षात १,२७५. आणि दारं बंद झाल्यावर ज्या थोड्या देशांत अजून चालू आहे तिथे सगळ्यांचा ओघ येतो, भारत त्यातला एक.

आणि माझी खरी काळजी मुलांच्या संख्येची आहे. नऊ मुलं, शिकवणारी एक आई, आणि त्यात एक आघातातून आलेलं मूल. सगळं सुरळीत असताना नऊ मुलांचं घर शिस्तीवर चालतं, वेळापत्रकावर चालतं. हे मूल वेळापत्रकात बसणार नाही. अमेरिकेत अशीही प्रकरणं झालीत की झेपलं नाही म्हणून दत्तक मूल इंटरनेटवरून ओळख काढून परक्या माणसांच्या हवाली केलं, २०१३ मध्ये रॉयटर्सने ते सगळं बाहेर काढलं. त्यामुळे रानफूल, मदत जरूर करा, पण डोळे उघडे ठेवून करा. तुम्ही त्या पोरीला समजणाऱ्या एकमेव आहात, ती काही सांगायला लागली तर ते ऐकणारं दुसरं कुणी नसेल.


मिशन_कंपाउंड:

@उत्तरायण, हैतीचं तुम्ही लिहिलंत ते खरं आहे आणि आम्हा लोकांना त्याची लाज वाटली होती, लपवायचं काही नाही. शेवटच्या ओळीशी शंभर टक्के सहमत. फक्त संख्येबद्दल, मी सात भावंडांत वाढलो, आईचा हात कमी यायचा वाट्याला हे खरं पण रात्री भीती वाटली तर दोन्ही बाजूला कुणीतरी असायचं. दोन्ही असतं ते.


दोन_पासपोर्ट:

थोडक्यात कागदपत्रांचं सांगतो, आम्ही अमेरिकेत राहून भारतातून मुलगा दत्तक घेतलाय, सहा वर्षं झाली.

नागरिकत्व: भारतात दत्तक आदेश पूर्ण होऊन आयएच-३ व्हिसावर (अशा दत्तक मुलांसाठीचा व्हिसा) मूल इथे उतरलं की ते आपोआप अमेरिकन नागरिक होतं, २००० च्या चाइल्ड सिटिझनशिप कायद्यामुळे. सर्टिफिकेट पोस्टाने येतं. ते आलं की नाही, स्पेलिंग बरोबर आहे की नाही ते बघायला सांगा, आमच्या मुलाच्या जन्मतारखेत चूक होती आणि दुरुस्तीला आठ महिने गेले. हा कायदा यायच्या आधी मोठी झालेली, म्हणजे २७ फेब्रुवारी २००१ ला ज्यांना १८ पूर्ण झाली होती अशी दत्तक मुलं आजही काही जणं नागरिकत्वाशिवाय आहेत, आईबापांना वाटलं आपलं मूल म्हणजे झालं.

खर्चाला टॅक्स क्रेडिट मिळतं, २०२५ साठी कमाल १७,२८० डॉलर, शेजाऱ्यांना माहीत असेलच, तिसऱ्यांदा घेतायत. आणि हेग करारातल्या (परदेशी दत्तकाबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार, भारत त्यात आहे) देशातून घ्यायचं तर पालकांना किमान दहा तासांचं ट्रेनिंग घ्यावंच लागतं. दहा तास म्हणजे काहीच नाही पण आमच्यासाठी त्यातले दोन तास फार कामाचे ठरले, आघात झालेलं मूल रागावतं तेव्हा ते घाबरलेलं असतं हे तिथे पहिल्यांदा ऐकलं.

ओढली जाण्याबद्दल: हो, पहिले दोन-तीन महिने जेवू घालणं, न्हाऊ घालणं, लागलं तर फुंकर घालणं हे आईबापांनीच करावं, तुम्ही नाही. तुम्ही बोला, खेळा, पण ती तुमच्या मांडीत येऊन बसली तर हळूच तिच्या आईकडे द्या. कठीण जाईल तुम्हाला.


दुभाषी:

मी सहसा वाचतेच फक्त, पण हे वाचून राहवलं नाही.

काही वर्षांपूर्वी युरोपातून एक बाई आल्या होत्या, पन्नाशीच्या जवळ आलेल्या, त्यांच्याबरोबर मी दुभाषी म्हणून चार दिवस फिरले. १९७९ साली पाच वर्षांच्या असताना त्यांना एका पास्टरच्या घरात दत्तक दिलं होतं, त्या घरात आठ मुलं, त्यातली चार बाहेरच्या देशांतली. सुप्रीम कोर्टाने परदेशी दत्तकासाठी मार्गदर्शक तत्त्वं घातली ती १९८४ ला, लक्ष्मीकांत पांडे खटल्यात, त्याच्या आधीचा हा काळ, तेव्हा कागद म्हणजे काय होते ते विचारू नका. त्या आपल्या घराबद्दल फार प्रेमाने बोलायच्या. वडिलांनी कधी भेदभाव केला नाही, आजारी पडले तर आई रात्रभर बसायची, असं सगळं. मराठीचा एक शब्द आठवत नव्हता, सहा महिन्यांत गेली भाषा असं त्यांच्या आईने डायरीत लिहून ठेवलंय म्हणाल्या. फक्त एक शब्द होता. 'अक्का'. त्यांना आयुष्यभर वाटत आलं की आपलं खरं नाव अक्का आहे. स्वतःच्या मुलीचं मधलं नाव पण त्यांनी तेच ठेवलं होतं.

संस्थेत जुनं रजिस्टर मिळालं, आडव्या रेघांचं, कापडी बांधणीचं, पानं कडेने तपकिरी झालेली. त्यांच्या नोंदीपुढे वेगळंच नाव होतं. आणि शेवटच्या रकान्यात, शेरा म्हणून, निळ्या शाईत लिहिलेलं, 'रात्री रडते, अक्का म्हणते.' मी वाचलं आणि मला थांबावं लागलं. त्यांना वाटलं मला अक्षर लागत नाहीये. मी सांगितलं की अक्का म्हणजे मोठी बहीण. त्या कितीतरी वेळ बोलल्या नाहीत, बोट त्या ओळीवर ठेवून बसल्या. मग एवढंच विचारलं, की म्हणजे मला हाक मारायला कुणी होतं?

बहीण सापडली नाही. पुढे काही कागदच नव्हते.

रानफूल, तुमच्या शेजारणीला एवढं सांगा की मुलगी पहिल्या महिन्यात जे जे शब्द बोलेल ते सगळे जसेच्या तसे लिहून ठेवायचे, अर्थ कळो न कळो. तुम्ही नंतर बसून लावा अर्थ. कुणाचं नाव घेते, झोपेत काय बोलते, सगळं. आणि तिला भाऊबहीण आहे का हे फाइलमध्ये असतंच असं नाही, संस्थेला सरळ विचारायला सांगा.


रानफूल:

@दुभाषी, मी हे ऑफिसच्या पार्किंगमध्ये बसून वाचलं आणि अर्धा तास गाडीतून उतरले नाही.

@जुनी_फाइल, एक विचारायचं राहिलं, नावाबद्दल बोलताना त्या दुखावल्या तर? आणि मावशीचा आवाज वगैरे मागितला तर संस्था देईल का?


जुनी_फाइल:

थेट मागू नका, एजन्सीमार्फत लेखी मागायला सांगा, जुळणी मंजूर झाली असेल तर व्हिडिओ कॉल वगैरे होतातच, त्यात हे बसतं. बहुतेक संस्था देतात, मावश्यांना तर आनंद होतो, मूल गेल्यावर त्यांना कुणी विचारतही नाही.

दुखावण्याचं म्हणाल तर तुमच्याकडे वही घेऊन आलेली बाई आहे ती. ज्यांना ऐकायचं नसतं ते वही घेऊन येत नाहीत.


रानफूल:

सगळ्यांना अपडेट, तीन आठवडे झाले मधे.

बोलले मी. त्यांच्या स्वयंपाकघरात, मुलं अभ्यासाला बसली होती तेव्हा. नावाचं सांगितलं, त्या गप्प बसल्या, थोड्या लालबुंद झाल्या, मला वाटलं संपलं आता. मग म्हणाल्या की चीनच्या मुलीचं नाव आम्ही बदललं होतं, आणि मागच्या वर्षी तिने विचारलं होतं की माझं पहिलं नाव वाईट होतं का. इतकंच म्हणाल्या आणि भांडी आवरायला लागल्या. ठरलं अजून काही नाहीये, नवऱ्याशी बोलते म्हणाल्या. खुंटीखालची पट्टी अजून कोरीच आहे.

मिशन_कंपाउंड, तुम्ही सांगितलं तसं विचारलं मी आईबद्दल. रोज रात्री करतात म्हणाल्या, तिघांच्याही आयांसाठी, आणि इथिओपियाच्या मुलाची आई जिवंत आहे हे त्यांना त्याला आणल्यावर दोन वर्षांनी कळलं, तेव्हापासून. तो आता तिला पत्र लिहितो, एक माणूस भाषांतर करून देतो. उत्तरायण, तुमचं म्हणणं त्या घरात आधीच पोचलेलं होतं असं मला तेव्हा वाटलं.

भावंडांचं विचारलंय संस्थेला, उत्तर यायचंय.

अल्बम पाठवला. पलंग, दिवा, कुत्रा, संडास, सगळं घातलं, फोटोंखाली मी लिहिलं आणि सगळ्यात मोठ्या मुलीने प्रत्येक पानावर बोटाने खूण केली की आधी कुठे बघायचं. येणारी मुलगी दोघी बहिणींच्या खोलीत झोपणार आहे. शब्दांची यादी पन्नासवरून तीसवर आणली, सगळे तिचे शब्द. 'दुखतंय' धाकट्या पाच वर्षांच्या मुलालासुद्धा कळतं आता, तो कोपर आपटलं की मुद्दाम तेच म्हणतो.

आणि मावशीचा आवाज आला! काल रात्री. एजन्सीने पाठवला, चाळीस सेकंदांचा. मागे पंख्याचा खडखडाट आणि दुसरी मुलं कुजबुजतायत. मावशी म्हणते, 'नीज आता गं. मी हाय हितंच.' दोनदा म्हणते, दुसऱ्यांदा अगदी हळू. एवढंच आहे. शेजारीण नऊ वाजता आमच्याकडे आली फोन घेऊन आणि आम्ही दोघी ओट्याशी उभ्या राहून ते ऐकत बसलो, वीसेक वेळा तरी. तिला 'नीज'मधला 'ज' जमत नव्हता, इंग्लिश 'झेड'सारखा यायचा. मी म्हटलं राहू दे, कळेल तिला. नाही म्हणाली, तिला ओळखीचा वाटला पाहिजे. मग परत लावलं.

साडेदहाला नवरा पाणी प्यायला आला तेव्हा ती डोळे मिटून म्हणत होती, नीज आता गं, मी हाय हितंच. तो दारातच उभा राहिला थोडा वेळ. मग म्हणाला 'हितंच' मधला 'त' थोडा अजून पुढे, दातांना लावून, आणि स्वतः म्हणून दाखवला.